औलिस हुओतारीचं एक वाक्य

औलिस हुओतारीच्या नावावर एकच वाक्य आहे: "इथं कुणी नाही." हे तीन शब्द त्याने सत्ताविसाव्या वर्षी एका सिनेमात उच्चारले आणि त्यानंतर दर जुलैत, कुर्किपेरा गावच्या नाचघरात, भरलेल्या बाकांसमोर उभं राहून तो ते म्हणत आला. एरवी तो दुधाची गाडी चालवायचा. घरोघरचं दूध उचलणं बंद झालं तेव्हा त्याने शाळेच्या मुलांची टॅक्सी चालवली. शाळा बंद झाली तेव्हा तो निवृत्त झाला. या तिन्ही कामांत फारसं बोलावं लागत नाही.

यंदा मात्र ते वाक्य आपल्या तोंडून निघेल याची त्याला खात्री राहिली नव्हती. एप्रिलपासून तो या एकाच धास्तीत होता.

सिनेमाचं नाव 'ओस गावाची पाहणी'. हेलसिंकीहून एक सरकारी निरीक्षक येतो. गाव आहे की नाही, एवढंच त्याला ठरवायचं असतं. गावात माणसं असतात, पण ती त्याच्याशी बोलत नाहीत, कारण कुणी ओळख करून दिलेली नसते. तो गायींची हजेरी घेतो. पंचायतीची बैठक सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, भरते आणि घामाने कागद विरघळतात म्हणून ठराव होत नाही. शेवटी निरीक्षक एका माणसापुढे, अगदी हाताच्या अंतरावर उभा राहून विचारतो, "इथं कुणी आहे का?" माणूस बराच वेळ त्याच्याकडे बघतो आणि सांगतो, "इथं कुणी नाही." निरीक्षक टोपी उचलतो, "आभारी आहे" म्हणतो, गावाच्या नावाची पाटी उपटून काखेत मारतो आणि बस पकडून निघून जातो.

तो माणूस म्हणजे औलिस. या भूमिकेसाठी येणारा नट रेल्वेत झोपला आणि पुढच्या कुठल्या तरी स्टेशनात जागा झाला. औलिस त्या वेळी दुधाची गाडी घेऊन रस्त्यात खोळंबला होता, कारण कॅमेरा आडवा होता.

"तू उभा राहा इथं," दिग्दर्शक म्हणाला. "तो विचारेल, तू उत्तर द्यायचं."

"काय उत्तर?"

"जे असेल ते."

मागचं घर तेर्वोनेन मंडळींचं होतं आणि ती सगळी गवत कापायला गेली होती. औलिसने आधी उन्हात तापणाऱ्या दुधाच्या कॅनांकडे पाहिलं. मग त्याला वाटलं, हा माणूस तेर्वोनेनांना भेटायला आलेला दिसतो. त्याने खरं ते सांगितलं. हा विनोद होता हे त्याला दोन वर्षांनी टीव्हीसमोर कळलं, तेही शेजारी बसलेली बायको, इर्या, रुमालात तोंड खुपसून हलायला लागली तेव्हा.

राजधानीत सिनेमा पडला. नंतर तो टीव्हीवर अधूनमधून लागत राहिला, विद्यार्थ्यांनी पाठ केला, टोप्या निघाल्या, बनियन निघाले. आता फिनलंडात रिकाम्या खोलीचं दार उघडून कुणी ते वाक्य म्हणालं नाही, असा दिवस जात नसावा. कुर्किपेऱ्यात दर जुलैत त्याचा खेळ होतो. लांबलांबून माणसं निरीक्षकाची टोपी घालून येतात. पडद्यावर पंचायत कॉफी पिते तिथे सगळे आपापल्या थर्मासातून कॉफी ओततात. गायींच्या हजेरीला प्रत्येक गायीच्या वतीने कुणी तरी "हजर" म्हणतं. कुठली गाय कुणाची हे ठरलेलं आहे, आणि मान्सिक्की नावाच्या गायीची जागा रिकामी व्हायला माणूस मरावा लागतो.

गावाकडे जी रिळं आहेत त्यांत औलिसचं वाक्यच नाही. पहिल्याच खेळाला फिल्म नेमकी तिथे अडकून जळली. पडदा पांढरा पडला. निरीक्षकाचा प्रश्न नाचघरात तसाच लोंबकळत राहिला. कुणीच काही बोलेना, तेव्हा मागच्या बाकावरून औलिसने नाइलाजाने उत्तर देऊन टाकलं. प्रोजेक्टर चालवणाऱ्या वोइत्तोने जळका तुकडा कापून दोन टोकं जोडली, आणि पुढच्या वर्षीपासून त्या जोडावर तो यंत्र थांबवू लागला. औलिस उठायचा, वाक्य म्हणायचा, बसायचा. सिनेमा पुढे चालू व्हायचा.

म्हणजे औलिस बोलला नाही तर ते वाक्य दुसऱ्या कुठून येत नाही.

एप्रिलमध्ये, तळ्यावरचा बर्फ काळा पडू लागला होता तेव्हाची गोष्ट. तो सहकारी दुकानात यीस्ट घ्यायला गेला. काउंटरवर पिर्यो होती, तीस वर्षं तिथेच असलेली.

"काय देऊ?" तिने विचारलं.

औलिसला यीस्ट डोळ्यासमोर दिसत होतं. निळं-पांढरं छोटं पाकीट, आतला वास, सगळं. फक्त त्याचं नाव जागेवर नव्हतं. मग इतर नावंही जागेवर नाहीत असं त्याच्या लक्षात आलं. उजव्या हातातली पिशवी खाली पडली. पिर्योने प्रश्न पुन्हा विचारला नाही. तिने रुग्णवाहिकेला फोन केला.

कायानीच्या इस्पितळात सांगितलं की मेंदूत बारीकशी गुठळी झाली होती, वेळेवर आलात. हात आठवड्याभरात परतला. शब्दही परतले, पण सगळे एकदम नाही. सुट्टीवरून येणाऱ्या माणसांसारखे, एकेक करून, उशिरा. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, घाई करू नका, मनानं आलेलं बोलणं सोपं जाईल, कुणी विचारल्यावर द्यायचं उत्तर अवघड जाईल.

अगदी तसंच झालं. लाकडाच्या शेडमध्ये एकटा असताना औलिस "इथं कुणी नाही" असं स्वच्छ म्हणू शकत होता. सौनात म्हणू शकत होता. कुत्र्याला म्हणून दाखवत होता. मग एकदा इर्याने भांडी घासता घासता सहज म्हटलं, "विचारते हं. इथं कुणी आहे का?"

औलिसने तोंड उघडलं. जीभ दातांपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. इर्याने हात पुसले. ती वाट बघत उभी राहिली. नळ टपकत होता.

"राहू दे," ती शेवटी म्हणाली. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशीही तेच. प्रश्न आला की वाट बंद. त्यानंतर त्याने तिला विचारायला बंदी केली, पण ती विचारेल की काय या भीतीने तो स्वयंपाकघरात जाणं टाळू लागला.

गावात त्याने कुणाला काही सांगितलं नाही. गावानेही त्याला काही विचारलं नाही, आणि त्यावरूनच गावाला ठाऊक आहे हे त्याला कळलं. आधी वोइत्तो रस्त्यात भेटला की म्हणायचा, "काय चाललंय?" आता म्हणायचा, "बरं चाललंय ना?" पिर्यो विचारायची, "नेहमीचंच देऊ ना?" टपालवाला, तेर्वोनेनांची सून, चर्चमधला पेटीवाला, सगळ्यांनी आपापले प्रश्न असे कापून घेतले होते की मान हलवली तरी भागावं. हे त्यांनी एकमेकांशी बोलून ठरवलेलं नव्हतं. कुर्किपेऱ्यात अशी गोष्ट बोलून ठरवत नाहीत. औलिस मान हलवायचा आणि घरी येऊन त्याला घाम फुटायचा.

जूनमध्ये मार्केत्ता आली. ती गावमंडळाची अध्यक्ष, बंद पडलेल्या शाळेची शेवटची मुख्याध्यापिका. इर्याने कॉफी ठेवली आणि वेलदोड्याचा गोड पाव कापला. पहिल्या कपाला हवेवर बोलून झालं. दुसऱ्याला डास झाले, यंदा फार आहेत, गेल्या वर्षीही फार होते. तिसरा कप ओतल्यावर मार्केत्ताने चमचा बशीत ठेवला.

"यंदा चाळीस वर्षं होतात," ती म्हणाली. "आर्मस लेहतोला येतोय."

आर्मस लेहतोला म्हणजे सिनेमातला निरीक्षक. गेल्या चाळीस वर्षांत तो एकदाही गावात आला नव्हता.

"जिवंत आहे?" इर्याने विचारलं.

"शहाऐंशी वर्षांचा आहे. बसनं येतो म्हणाला. आणि त्याला तो प्रश्न पडद्यावरून नकोय. प्रश्नाच्या जरा आधीच वोइत्तो यंत्र थांबवेल, आर्मस पुढं येईल आणि स्वतः विचारेल. समोरासमोर. औलिसला."

औलिसला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं की का ते सांगावं लागलं असतं, आणि त्याला बरेच शब्द लागले असते. त्याने मान हलवली.

"म्हणजे चालेल ना तुला?" मार्केत्ता टेबलावरचे चुरे बोटाने गोळा करत होती. "नाही, गर्दी वाढलीय. आत उकडतं. आता एखाद्याला वाटलं, की या खेपेला आपण नुसतं बसून बघावं, तर त्यात काही... आमचा युहानी आहे, भाचा. त्याला ते वाक्य पाठ आहे."

"अख्ख्या देशाला पाठ आहे," इर्या म्हणाली.

"तेच म्हणतेय मी."

औलिसने पुन्हा मान हलवली, या वेळी आडवी आणि जोरात. मार्केत्ता लगेच म्हणाली, "नाही, नाही, तूच तर. दुसरं कोण?" आणि चौथा कप न घेता उठली.

ती गेल्यावर इर्याने कप गोळा केले. "सांगून टाकायचं होतंस."

"काय?"

"जीभ अडते म्हणून. पाय मोडला असता तर सांगितलं असतंस ना?"

"पाय... दिसतो," तो म्हणाला.

खेळाच्या आदल्या दिवशी सगळं गाव नाचघरात कामाला जमलं. उन्हाळ्यात इथे अंधार होत नाही, म्हणून सिनेमासाठी खिडक्यांवर घोड्यांच्या जुन्या घोंगड्या ठोकाव्या लागतात. औलिस शिडीवर होता, वोइत्तो खालून खिळे देत होता. पाटीचा प्रश्न निघाला. सिनेमात वापरलेली लाकडी पाटी इतक्या वर्षांत कुजून गेली होती. मग कुणी तरी मोठ्या रस्त्यावरची खरीच पाटी, निळी, पत्र्याची, बोल्ट काढून आणली. खेळ झाला की परत लावायची, असं सगळ्यांच्या मनात होतं.

"हे बघ," वोइत्तो म्हणाला. तो औलिसकडे न बघता यंत्राच्या बाजूच्या टेबलाकडे बघत होता. तिथे एक चकचकीत तबकडी होती. "शहरातनं मागवलीय. नवी प्रत. यात अख्खं आहे सगळं. मधलं पण. म्हणजे आपलं रीळ तुटलं-बिटलं तर हाताशी असावी."

"काढ ते तिथनं," औलिस म्हणाला.

एका दमात, न अडखळता. दोघेही दचकले.

"काढतो की," वोइत्तो म्हणाला. "ओरडतोस कशाला?"

त्यांनी पुढची घोंगडी ठोकली. हातोडा चालवताना औलिस विचार करत होता, की राग आला म्हणून शब्द आले. मग उद्याही राग आणता आला तर? त्या संध्याकाळी शेडमध्ये त्याने प्रयत्न केला. शाळा बंद केली त्यांचा राग आणला. दुधाची गाडी भंगारात काढली त्यांचा राग आणला. झोपलेल्या नटाचाही आणून पाहिला. कुत्रा उठून बाहेर गेला. राग येत होता, पण तो इतका जुना होता की बोलायला लावण्याइतका गरम होत नव्हता.

खेळ दुपारचा होता. इर्याने पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली. औलिसने वरचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. ताटातली भाताची लापशी तशीच राहिली.

"मी तुझ्या शेजारीच आहे," इर्या म्हणाली. "नाहीच आलं तर मी म्हणेन."

"नको."

"बरं."

"इर्या. नको."

"बरं म्हटलं ना."

नाचघर भरलं होतं. बाकांवर जागा नाही म्हणून माणसं भिंतीला टेकून उभी होती. पडदा उजळला आणि निरीक्षक बसमधून उतरला तेव्हा टाळ्या पडल्या. औलिसने हा सिनेमा इतक्यांदा पाहिला होता की तो आता गोष्ट बघत नव्हता. आपल्या जागेपर्यंत अजून काय काय उरलंय तेवढं बघत होता. अजून सौना उरला आहे. अजून कॉफी उरली आहे. थर्मासांची झाकणं फिरली, सगळीकडे कॉफीचा वास पसरला, इर्याने त्याच्या हातात कप दिला. तो न पिता हातातच गार झाला. आता फक्त गायी उरल्या.

"ओमेना," पडद्यावरून निरीक्षकाने हाक मारली.

"हजर," मागून एक जाड आवाज आला.

"हेलुना."

"हजर."

औलिस ओठ मिटून सराव करत होता. इथं. इथं. पहिला शब्द निघाला की बाकीचे मागून येतात.

"मान्सिक्की."

"हजर!" चर्चचा पेटीवाला उभा राहून ओरडला, आणि नाचघर हसलं. गायी संपल्या.

जोड जवळ आला. निरीक्षक पडद्यावर विचारणार एवढ्यात वोइत्तोने यंत्र थांबवलं आणि पुढचा दिवा लावला. पडद्याच्या बाजूने आर्मस लेहतोला बाहेर आला. पडद्यावरच्यापेक्षा तो खूपच लहान दिसत होता. अंगात तोच लोकरी कोट, डोक्यावर तीच टोपी. टाळ्या सुरू झाल्या, पण त्याने त्या घेतल्या नाहीत. तो कामात होता. मधल्या वाटेने सावकाश चालत तो औलिसच्या बाकापर्यंत आला. औलिस उठून उभा राहिला. दोघांमध्ये हाताचं अंतर होतं.

"इथं कुणी आहे का?" आर्मसने विचारलं.

औलिसने तोंड उघडलं. जीभ दातांपर्यंत गेली.

सिनेमातही तो आधी गप्पच असतो, त्यामुळे पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही. लोक खूश होऊन वाट बघत होते. मग ती गंमत ओसरली. कुणीतरी खोकलं. घोंगडीच्या फटीतून उन्हाची एक पट्टी जमिनीवर पडली होती आणि तिच्यात डास नाचत होते. त्याने यंत्राकडे पाहिलं. वोइत्तोचा हात कसल्याशा बटणावर होता; तबकडी त्याने काढलेली नव्हती. नजर पडताच हात मागे गेला. त्याने पुढच्या बाकाकडे पाहिलं. मार्केत्ता अर्धवट उठलेली होती, आणि तिच्या पलीकडे युहानी ओठ ओले करत होता. तीही खाली बसली. त्याने इर्याकडे पाहिलं नाही, पण तिने श्वास घेऊन ठेवलाय हे त्याला ऐकू येत होतं. त्या नाचघरातल्या प्रत्येकाला ते वाक्य येत होतं. दुसऱ्याच्या पाळीत तोंड घालायला कुणीही तयार नव्हतं. पाळी औलिसची होती आणि ती संपेपर्यंत गाव थांबणार होतं. गरज पडली तर नाताळपर्यंत.

आर्मस त्याच्या तोंडाकडे बघत होता. डोळे पाणावलेले, म्हाताऱ्या माणसाचे, पण नजर हलत नव्हती.

मग त्याने टोपी उचलली.

"आभारी आहे," तो म्हणाला. उत्तर ऐकून घेतल्यासारखं. वळला, भिंतीला टेकवलेली निळी पाटी उचलली, काखेत मारली आणि दाराबाहेर चालू लागला.

पहिलं हसू औलिसच्या शेजारून आलं. इर्या रुमालात तोंड खुपसून हलत होती, टीव्हीसमोर हलली होती तशीच. मग हेलसिंकीच्या पाहुण्यांना अर्थ लागला. इथं कुणी आहे का, आणि उत्तर द्यायलाच कुणी नाही. नाचघर फुटलं. माणसं बाकांवर टोप्या आपटत होती. औलिस खाली बसला. आजूबाजूला गाववाले हसत होते तेही त्याला दिसलं. ते जरा उशिरा हसायला लागले होते, आणि त्याच्याकडे बघत नव्हते.

खेळ संपल्यावर अंगणात कॉफी होती. मार्केत्ता दोन्ही हातात कप घेऊन आली. चेहरा लालबुंद.

"काय केलंस रे! कुणाला सुचलं नसतं! पुढच्या वर्षी असंच ठेवायचं. गप्प राहायचं. लोकांना वाक्यापेक्षा जास्त आवडलं."

ती पुढच्या टेबलाकडे गेली आणि औलिसला नवीच भीती लागली. वाक्य त्याचं होतं. पण गप्प काय, युहानीलाही राहता येतं. गप्प राहायला या गावात कुणीही चालतं.

आर्मस भूर्जाच्या झाडाच्या सावलीत एकटा बसला होता, पाटी खुर्चीला टेकवून. औलिस त्याच्या शेजारी जाऊन बसला.

"त्या दिवशीही तुम्ही असेच उभे राहिला होतात," आर्मस म्हणाला. "दिग्दर्शकानं नंतर त्यातलं बरंचसं कापलं. मी उन्हात, या कोटात. मला वाटलं, हा गडी काही बोलायचा नाही. तेव्हाच मी मनाशी ठरवून टाकलं होतं. नाही बोलला तर टोपी उचलायची, आभार मानायचे आणि निघायचं."

त्याने कॉफीचा घोट घेतला.

"आणि मग तुम्ही बोललात. खरं सांगू, मला जरा वाईटच वाटलं."

औलिसने कप गवतावर ठेवला. कुणी काही विचारलेलं नव्हतं, म्हणून जमण्यासारखं होतं.

"मला... आलं... नाही," तो म्हणाला. "मुद्दाम... नव्हतं."

"दिसलं मला," आर्मस म्हणाला. "हाताच्या अंतरावर होतो."

"गावातल्यांनाही... दिसलं."

"मग त्यांना सांगा."

"त्यांना... ठाऊक आहे."

"मग काय सांगायचं राहिलं?"

हा प्रश्न होता. औलिस अडकला. आर्मस वाट बघत बसला, आणि तो अजून वाट बघत असतानाच बस आली. तो उठला, टोपी घातली, पाटी काखेत मारली आणि सिनेमातल्यासारखाच पायरीवर एकदा थांबून चढला. सगळं अंगण टोप्या हलवत होतं. पाटी बसमध्ये चढताना सगळ्यांनी पाहिली. फाट्यावर कुणीतरी ती उतरवून घेणार असेल असं मार्केत्ताला वाटलं. वोइत्तोला वाटलं, मार्केत्ताने तसं सांगितलं असेल. औलिसला वाटलं, वोइत्तोने. बस फाट्यावरून वळली आणि कायानीच्या दिशेने निघून गेली.

सकाळी औलिस कुत्र्याला घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत गेला. दोन रिकामे खांब उभे होते, मध्ये आकाश. जवळच त्याच्या दुधाच्या काळातला लाकडी ओटा अजून आहे. लोक पूर्वी त्यावर कॅन ठेवायचे. तो तिथे बसला. मार्केत्ताला काय सांगायचं ते तो मनात जुळवत होता. की मला बोलता येत नव्हतं. की पुढच्या वर्षी मी ते वाक्य म्हणणार आहे. की कितीही वेळ लागला तरी थांबायचं. एवढंच तर होतं, पण ते दुसऱ्यासमोर म्हणायचं होतं.

एक ट्रक समोरून गेला, थोड्या वेळाने परत आला, पुन्हा गेला, आणि तिसऱ्या खेपेला ओट्यापाशी थांबला. ड्रायव्हरने काच खाली केली. गळ्यात टॉवेल, वैतागलेला चेहरा.

"सुप्रभात. जत्रेची फिरती शौचालयं उचलायला आलोय. कुर्किपेरा कुठं आहे हो?"

औलिसची जीभ दातांपर्यंत गेली. ड्रायव्हर बघत राहिला. इंजिन धडधडत होतं.

"हेच," औलिस म्हणाला.

"हे? मग पाटी कुठाय?"

"नेली."

"नेली? कुणी?"

औलिसला त्या उत्तराची सगळी लांबी दिसली. आर्मस, बस, निळी पाटी, थांबलेलं यंत्र, त्याआधी एप्रिल, पिर्यो, यीस्ट, त्याआधी उन्हात तापणारे कॅन. मान हलवून यातलं काहीच सांगता येण्यासारखं नव्हतं. त्याने ओट्यावर बाजूला सरकून जागा केली.

"वेळ... लागेल," तो म्हणाला.

ड्रायव्हरने रिकाम्या खांबांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि इंजिन बंद केलं.